बांधीच्या पोटातलं तणस

माझ्या सासऱ्यांनी भर श्रावणात पाण्यानं भरलेल्या बांधीचा धुरा स्वतःच्या हातानं फोडला, ते मी पाहिलं आहे. धानाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला एवढं सांगितलं की तो हातातलं काम ठेवून तुमच्याकडे पाहू लागतो. बाकीच्यांसाठी थोडं उलगडून सांगतो. चारी बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध, घालून पाणी कोंडून धरणारं शेत म्हणजे बांधी. आमच्याकडचा शेतकरी त्या पाण्यासाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकतो, पण आपल्या बांधीतलं पाणी आपण होऊन कधी सोडत नाही. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, ते सोडलं, आणि सोडलं ते माझ्या चुकीपायी. त्या एका दुपारनं मला जे शिकवलं ते शाळेत शिकायला मिळालं नसतं. अर्थात शाळेला मी फारशी संधीही दिली नव्हती. नववीतच सोडली.

मी मूळचा मेहकरकडचा. काळ्या मातीतला, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला. वडील गेल्यावर घर विस्कटलं, मी नागपूरला एका हॉटेलात ताटं विसळायला लागलो, आणि तिथं तीन-चार वर्षं काढल्यावर पवनीला दिलेल्या मावशीचा निरोप आला. लाखांदूरच्या अलीकडे एक घर आहे, आपल्यातलंच, माणसं चांगली. मुलगा नाही. दोन मुली लग्न होऊन गेल्या, धाकटीसाठी घरीच राहील असा मुलगा पाहून राहिले. मी मुलगी नंतर पाहिली, आधी मनात म्हटलं, घर आहे. एवढं मला पुरेसं होतं. गावानं मला पहिल्या दिवसापासून घरजावई म्हणून ओळखलं आणि मीही त्या शब्दाला ओ देत राहिलो. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याला तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती, पण मामाजी अजून देवरीचं जंगल आपल्याच जिल्ह्यात धरत. एकदा आपलं म्हटलेलं त्यांच्या तोंडून सहज सुटत नसे. याचा फायदा पुढे मलाही झाला.

लग्न उन्हाळ्यात झालं. दुसऱ्या दिवशी शेत पाहायला गेलो तर बांध्या काळ्याभोर दिसल्या. मला इतका आनंद झाला की विचारू नका. वाटलं, आपल्यासारखीच काळी माती, आता काही अडायचं नाही. खाली वाकून मूठभर उचलली तर बोटांना राख लागली. राखेखाली पिवळसर, कडक, पावलांनी वाजणारी माती होती. मामाजी मागे उभे राहून खोकत होते. म्हणाले, ‘‘तणस जाळलं जी. साफ होते बांधी.’’ त्यांना दमा होता. तणस, म्हणजे धान झोडून उरलेला पेंढा, गावात पेटू लागला की महिनाभर त्यांचा जीव घाबरा होई, आणि तरी आपल्या बांधीत काडी लावायला ते स्वतःच जात. पूर्वी घरी दोन बैलजोड्या होत्या, तेव्हा तणसाची काडी उरत नसे. ट्रॅक्टर आला, बैल गेले, एक गाय राहिली. खाणारी तोंडं संपली आणि तणस तेवढंच राहिलं. मग ते जाळायचं. सगळेच जाळत.

ते घर पुढून लहान होतं आणि मागे लांबत गेलेलं. पुढच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मधल्या खोलीत बांबूची, शेणानं सारवलेली ढोली. वर्षभराचं धान पोटात घेऊन ती माणसापेक्षा उंच उभी असायची, आणि घरात कोणी नसलं तरी कोणीतरी आहे असं वाटायचं ते तिच्यामुळे. पहाटे मामींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, सुपाची फडफड, मग गायीची हंबर, मग गावाच्या टोकाला धान कुटायच्या मशीनची ठकठक. मामाजींच्या खोकल्यावरून ते अंगणात आहेत, गोठ्यात आहेत की शेताच्या वाटेला लागले, हे घरातलं कोणीही न पाहता सांगे. जेवणात सकाळी बासी, म्हणजे आदल्या दिवशीचा भात पाण्यात भिजवून वर मीठ, कांदा आणि भाजलेली मिरची. दुपारी भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. सांजेला भात आणि तलावातल्या झिंग्यांची चटणी. भात असा की शिजताना शेजारच्याला कळावं. पंधरा दिवस मी पोट भरून जेवलो आणि पंधरा दिवस मला उपाशी असल्यासारखं वाटत राहिलं. भाकर तोडून खायची सवय. भातावरून हात फिरायचा आणि रिकामाच परत यायचा.

मी हे कुणाला बोललो नव्हतो. आल्यागेल्या माणसानं बोलू नये असं मला वाटायचं, आणि मी स्वतःला अजून आल्यागेल्यातच धरत होतो. पण एका बाजारच्या दिवशी लाखांदूरहून पायलीभर ज्वारी आली. मामींचा हात तांदळाच्या पिठाचा. ज्वारीची भाकर त्यांच्या तळव्यावर चारी बाजूंनी फाटली, तव्यावर टाकताना तिचे दोन तुकडे झाले. त्यांनी ते तुकडे ताटात ठेवले आणि चुलीकडे पाहत मुलीला म्हणाल्या, ‘‘छाया, तुह्या मानसाले सांग, तुटली तं तुटली. पोटात गेल्यावर कोन पायते.’’ मी खाली मान घालून दोन्ही तुकडे खाल्ले. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीवर ढकललं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरतं. मामी माझ्याशी बोलत नसत. राग नव्हता. त्या वयाच्या बायकांची रीतच होती, सासूनं जावयाशी थेट बोलायचं नाही. डोक्यावर पदर, तोंड दुसरीकडे, आणि जे सांगायचं ते मुलीच्या मार्फत. छाया घरात नसली तर गायीला सांगत. ‘‘भात निवून राहिला बाप्पा, कोनाले भूक नाई वाटते,’’ असं गोठ्यातून ऐकू आलं की मी हात धुवायचो. मलाही हे बरंच वाटे. थेट बोलल्या असत्या तर काय उत्तर द्यावं हा मला प्रश्न पडला असता.

पहिल्या वर्षी मी पाण्यात उभं राहायला शिकलो. त्याच वर्षी, दिवाळीच्या पुढेमागे कापणी चालू असताना, तलावाखालच्या बांधीच्या एका कोपऱ्यात धान इतकं दाट होतं की विळा अडे. बाकीच्या बांधीत लोंब्या गुडघ्याच्या थोड्या वर. त्या कोपऱ्यात कमरेला. मी मामाजींना विचारलं, इथं खत जास्त पडलं का. ते म्हणाले, ‘‘नाई जी. तिथं तीन-चार सालाआधी तणसाचं ढिगलं होतं. बुडाचं सडून गेलं, तसंच राह्यलं.’’ आणि ते कापत पुढे गेले. मी मात्र तिथंच बसलो. माती उकरली तर चहाच्या चोथ्यासारखी काळपट, भुसभुशीत, हाताला गार. चार पावलं पलीकडची माती नखाला दाद देत नव्हती.

त्याच आठवड्यात तसबिरीमागे एक घडी घातलेला कागद सापडला. मागे कधीतरी शेतीखात्याचा माणूस माती नेऊन तपासून गेला होता, त्याचा अहवाल. घरात तो कोणी वाचला नव्हता. सरकारी कागद म्हणून जपून ठेवला होता. मी नववीपर्यंतचं जेवढं शिल्लक होतं तेवढं गोळा करून तो वाचला. एका ओळीत लिहिलं होतं, सेंद्रिय कर्ब, आणि पुढे, कमी. मामाजींनी विचारलं, कर्ब म्हणजे काय. मी म्हटलं, मातीत सडलेलं, कुजलेलं जे असते ते. झाडपाला, शेण, मुळं. त्यावर माती जगते. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, ‘‘म्हणजे उपाशी आहे असं लिवलं.’’ मी म्हटलं, हो. आणि आपण तिचं जेवण जाळून राहिलो.

हे वाक्य तोंडून गेलं आणि मी घाबरलो. सासऱ्याच्या घरात, सासऱ्याच्या शेतीबद्दल, वर्ष न झालेल्या जावयानं असं बोलावं का? मामाजींनी कागदाची घडी घातली आणि तो पुन्हा तसबिरीमागे ठेवला. पण फाल्गुनात सगळ्या बांध्यांत धूर उठला तेव्हा आमच्या बांधीत उठला नाही. आणि एका सकाळी ते मला तलावाखालच्या बांधीवर घेऊन गेले. ही बांधी म्हणजे घरच्या खायच्या धानाची. चिन्नोर तिथं लावत, वासाचा, बारीक. तो विकत नसत. ढोली भरायची ती याच बांधीतून. म्हणाले, ‘‘करून पाहा जवाईबापू. यंदा हे बांधी तुमची.’’ मी म्हटलं, वरची एखादी कोपऱ्यातली द्या मामाजी, हे घरच्या पोटाचं आहे. ते म्हणाले, ‘‘म्हणूनच देऊन राहिलो. दुसऱ्या बांधीत तुमचं मन लागनार नाई.’’

आता आज, इतक्या वर्षांनी, मी ठामपणे सांगू शकतो की माझं म्हणणं बरोबर होतं आणि माझी घाई चुकीची होती. आमच्याकडे वऱ्हाडात धसकटं, कुटार, काय असेल ते पेरणीच्या तोंडावर मातीत मिसळलं तरी बिघडत नाही. वरून पाऊस, मग ऊन, मग पाऊस. माती श्वास घेत घेत ते पचवते. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. पाण्याखाली कोंडलेली माती वेगळी असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं, निदान असं मी तेव्हा समजत होतो. त्यात कृतज्ञ माणसाचा हव्यास. ज्यांनी घर दिलं त्यांना काहीतरी भरभरून द्यायचं होतं. तीन एकरांचं सगळं तणस मी त्या अर्ध्या एकरात आणून ओतलं. हातभर थर झाला. उन्हाळाभर ते कोरडं पडून राहिलं, आणि रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, दोन दिवस आधी, पाणी भरून, ट्रॅक्टरनं चिखल करताना मी ते सगळं मातीत दाबलं. ट्रॅक्टरवाला दोनदा उतरला, चाकात गुंडाळलेलं तणस ओढून काढलं, आणि तिसऱ्यांदा माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘‘भाऊ, धान रोवाचं आहे का गादी भराची आहे?’’

रोवणा छान झाला. बायका ओळीनं वाकून मागे मागे सरकत गेल्या, मामी त्यांच्या पुढारीण. लहानपणापासून दुसऱ्यांच्या बांधीत रोवून त्यांनी तालुक्याची माती पायांनी ओळखली होती. दोन-तीनदा त्या मधेच थांबल्या, पाय चिखलात फिरवला, तोंड छायाच्या बाजूला करून काहीतरी पुटपुटल्या आणि पुन्हा वाकल्या. मी धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या वाहत होतो. पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. संध्याकाळी हिरवे ठिपके पाण्यात उभे पाहून मी छातीभर श्वास घेतला.

आठ दिवसांनी त्या ठिपक्यांचा रंग उतरला. दहाव्या दिवशी पात्यांची टोकं पिवळी, पंधराव्या दिवशी बांधीच पिवळी. चारी बाजूंना हिरव्या बांध्या आणि मधे आमची. पाण्यातून बुडबुडे येत, सडक्या अंड्यासारखा वास येई. रोप उपटून पाहिलं तर मूळ काळं. खालच्या बांधीवाला सोमाजी, मामाजींच्या बरोबरीचा, गावात सगळ्यांची टिंगल करायचा हक्क असलेला, रोज तिथून जाताना उभा राहायचा. ‘‘जवाईबापू, लगन तं मागच्या सालीच झालं न तुमचं? आता बांधीले कायले हळद लावली?’’ दुसऱ्या दिवशी, ‘‘वरात कवा आहे सांगजा, येतो.’’ चहाच्या टपरीवर ते बांधीचं नाव झालं. हळदीची बांधी. माणसं वाकडी वाट करून पाहायला येऊ लागली.

मामाजी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. जेवताना मला मधल्या खोलीतल्या ढोलीकडे पाहवेना. तिच्या पोटातली पातळी खाली जात होती आणि येणाऱ्या वर्षी ती मी रिकामी ठेवणार होतो. या घरानं मला खाऊ घातलं आणि मी त्यांचं खायचं धान मारलं, एवढंच डोक्यात फिरे. एका दुपारी मी पिशवीत दोन शर्ट घातले. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं, लाखांदूरची एस.टी. पकडायची एवढंच ठरलं होतं. छायानं पिशवी पाहिली, हातातून घेतली, खुंटीला अडकवली आणि खाली बसून रडू लागली.

‘‘तुमची चूक नाई,’’ म्हणाली. ‘‘माही आहे.’’

मी विचारलं, तुझी काय?

‘‘आईनं सांगतलं होतं. चिखलाच्या आधीच. म्हणे, तुह्या मानसाले सांग, कोरडं तणस असं पान्यात दाबू नोको. आधी सडू दे, मंग गाड. रोवतानाही म्हणे, चिखल गरम लागून राहिला, त्याले सांग.’’

‘‘मग?’’

‘‘तुमी इतके खुश होते. मले वाटलं, मनाले लागन तुमच्या. वाटलं, आईचं काय, ते तं सगळ्याईलेच नाव ठेवते.’’

मला राग यायला हवा होता, आला नाही. मामींनी रीत पाळली, तिनं माझं मन जपलं, मी कुणाला विचारलं नाही कारण विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं. तिघंही एकमेकांशी चांगलंच वागत होतो आणि त्या चांगुलपणात बांधी पिवळी झाली.

त्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा गोठ्यात जाऊन मामींच्या समोर उभा राहिलो. त्यांनी पदर पुढे ओढला, गायीच्या पाठीआड सरकल्या. मी म्हटलं, ‘‘मामी, मले नाही समजत. तुमाले समजते. तुमी सांगा.’’ गाय मान हलवत होती, गळ्यातली घंटी वाजत होती. मी पुन्हा म्हटलं, ‘‘छायाले सांगू नका. मले सांगा.’’ मामींनी हातातला शेणाचा गोळा टोपलीत टाकला, हात धुतले आणि काही न बोलता चपला न घालताच शेताची वाट धरली. मी मागे. आम्हाला दोघांना असं जाताना पाहून मामाजीही खोकत मागे आले.

धुऱ्यावरून मामी सरळ बांधीत उतरल्या. चार पावलं गेल्या, उभ्या राहिल्या, डोळे मिटले. पायाच्या बोटांनी चिखल चाळवला. भसभस करून बुडबुडे आले. मग वळल्या, आणि पदर होता तिथंच राहू देऊन, थेट माझ्याकडे पाहून बोलल्या. तो आवाज मी वर्षभर ऐकत आलो होतो, पण माझ्याकडे येताना पहिल्यांदाच ऐकला.

‘‘पोट फुगलं इचं. इतकं खाऊ घातलं आन वरून पान्याचं झाकन ठेवलं. आंबवलेल्या पिठावर झाकन दाबून ठेवलं तं काय होते? पानी सोडा, बापू. आठ दिवस हवा लागू द्या. मंग गाईचं मूत आन शेन कालवून थोडं थोडं द्या. मरत नाई ते.’’

पाणी सोडा. मी मामाजींकडे पाहिलं. ते तलावाकडे पाहत होते. पावसानं दडी मारली होती आणि तलावाच्या पाण्याची आमची पाळी यायला आणखी आठ-नऊ दिवस होते. आज सोडलेलं पाणी मधे कुठून परत मिळणार नव्हतं. माती तडकली तर जे पिवळं आहे तेही वाळणार.

‘‘आन पाळीपर्यंत?’’ मामाजींनी विचारलं.

‘‘तहानेली राहीन. पन जगन.’’ मामी म्हणाल्या. ‘‘असंच ठेवलं तं मरते.’’

मी घराकडे धावलो, फावडा घेऊन आलो आणि सोमाजीच्या बाजूच्या धुऱ्यावर उभा राहिलो. मामाजींनी हात पुढे केला. मी म्हटलं, मी फोडतो, चूक माझी आहे. ते म्हणाले, ‘‘आना इकडं. तुमी फोडलं तं गाव म्हणन, जवायानं फोडलं. मी फोडलं तं माह्या घरचं काम आहे.’’

आणि त्यांनी फावडा मारला. पहिल्या घावाला माती निघाली, दुसऱ्याला पाणी वाट शोधू लागलं, तिसऱ्याला ते गढूळ, वास मारणारं पाणी खळाळत सोमाजीच्या बांधीत उतरलं. ज्या पाण्यासाठी या माणसानं उमेदीची वर्षं याच धुऱ्यावर भांडणात घालवली होती, ते जाताना मामाजी पाहत होते, फावड्यावर टेकून, खोकत. सोमाजी पळत आला. आधी त्याला वाटलं धुरा फुटला. मग फावडा पाहिला.

‘‘काय गा, काहून पानी सोडून राहिला? डोकं ठिकान्यावर आहे न?’’

‘‘तुह्या बांधीत कमी दिसत होतं,’’ मामाजी म्हणाले.

सोमाजी टिंगल न करताच आपल्या बांधीकडे वळला. मी त्याला ओळखू लागल्यापासून असं पहिल्यांदाच झालं होतं.

ते आठ दिवस मी बांधीवरच काढले म्हटलं तरी चालेल. जेवण छाया तिथं आणी. पहिल्या दोन दिवसांत वास गेला. तिसऱ्या दिवशी चिखलावर साय धरली, चौथ्या दिवशी केसासारख्या भेगा पडल्या आणि माझा जीव टांगणीला लागला. पण भेगा तेवढ्याच राहिल्या. आजूबाजूच्या वरच्या बांध्यांत बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. आमच्या बांधीत हात घातला तर आत अजून ओल होती. तणसानं ती धरून ठेवली होती. म्हणजे ज्यानं मारलं होतं तेच आता सांभाळत होतं. मामी सकाळी घमेल्यात शेणाचं पाणी आणत आणि ओळीओळीतून शिंपडत. सहाव्या दिवशी त्यांनी एक रोप उपटून माझ्या हातात दिलं. काळ्या मुळांच्या झुबक्यातून दोन पांढरी, दोऱ्यासारखी मुळं बाहेर आली होती. काही बोलल्या नाहीत, आणि या वेळी ते रीतीमुळे नव्हतं. आठव्या दिवशी मधल्या पानाची सुरळी हिरवी निघाली. तलावाची पाळी आली तेव्हा मामाजींनी फोडलेलं तोंड मी माझ्या हातानं बुजवलं.

त्या वर्षी त्या बांधीत धान दरवर्षीएवढंच झालं. ना कमी, ना जास्त. लोकांना वाटलं, एवढा खटाटोप करून काय मिळालं. मला विचाराल तर ढोली भरली, आणि मी अजून घरात होतो.

पुढच्या वर्षीपासून आम्ही ते रीतसर केलं. ‘आम्ही’ म्हणतो, कारण आता मामी पुढे आणि मी मागे असायचो. कापणी झाली की, मातीत ओल असतानाच, तणस विळ्यानं तोडून पातळ पसरायचं, सगळ्या बांध्यांना वाटून. वरून शेणकाला शिंपडायचा आणि नांगर घालून उलथायचं. मग हिवाळा, उन्हाळा आणि वळवाचे एक-दोन शिंतोडे त्यांचं काम करत. रोवण्यापर्यंत तणस बोटांत कुस्करलं तर तंबाखूसारखं विरघळे. पहिल्या साली फरक डोळ्यांना दिसला नाही, पण नांगराला कळला. दुसऱ्या साली गांडुळं दिसली. तिसऱ्या साली पोळ्याच्या सुमारास पावसानं अशी ओढ दिली की रस्त्यापलीकडची धानं बसली; आमच्या बांध्या उभ्या राहिल्या. त्या वर्षी ढोली भरताना मामींना पाटावर पाट ठेवून वर चढावं लागलं, आणि तरी दोन पोती धान खाली उरलं. मामाजींचा फाल्गुनातला खोकलाही निदान स्वतःच्या धुरानं वाढायचा थांबला. सोमाजी एका सकाळी अंगणात येऊन बसला, चहा प्याला, इकडचं तिकडचं बोलला, उठताना म्हणाला, ‘‘जवाईबापू, ते तणस कवा टाकाचं म्हणता?’’ मी सांगितलं. सगळं सांगितलं, पाण्याची चूकही. मामाजींनी आतून विचारलं, ‘‘हळद किती लागन, तेही सांगून ठेवा त्याले.’’

मामाजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचा फावडा मी वापरतो. दांडा दोनदा बदलला, पातं तेच आहे. लोक आता माझ्याकडे विचारायला येतात, कुठं कुठं चार माणसांत बोलायलाही नेतात. तिथं मी कर्ब, कुजणं, ओल हे सगळं सांगतो आणि न अडखळता सांगतो. पण एक गोष्ट शेवटी सांगतोच. घरात ज्याच्या पायाला माती कळते त्याला आधी विचारा, आणि निरोपानं विचारू नका.

मामींना आता चालवत नाही. तरी दरवर्षी रोवण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून तलावाखालच्या बांधीवर नेतो. हात धरून धुऱ्यावर बसवतो. त्या एक पाय चिखलात सोडतात, डोळे मिटतात, आणि मी पुन्हा तेवीस वर्षांचा होऊन श्वास धरून उभा राहतो. कधी म्हणतात, ‘‘रोवा.’’ एका वर्षी म्हणाल्या, ‘‘चार दिवस थांबा,’’ आणि बायका ठरलेल्या असून मी थांबलो. यंदा त्यांनी पाय बराच वेळ आत ठेवला. मी वाट पाहिली. सोमाजीचा नातू खालच्या बांधीत ट्रॅक्टर थांबवून पाहू लागला. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, ‘‘काय झालं मामी? गरम लागते काय?’’

‘‘नाई बापू,’’ त्या डोळे न उघडता म्हणाल्या. ‘‘थंडं आहे. बरं वाटून राहिलं, म्हणून बसली आहो.’’